काळ्या दगडाच्या पोटातली निळाई

लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमवरच्या तुमच्याकडच्या लेखात तिथल्या खनिज दालनाचं वर्णन छान उतरलंय. सन 1881 पासूनचं ते दालन मलाही एकदा पाहायचंय. पण ‘आपल्या महाराष्ट्रात नुसता काळा कातळ, मांडून ठेवावं असं खनिज कुठून आणणार?’ हे त्या लेखातलं वाक्य पटलं नाही. मी पुण्याजवळच्या वाघोलीचा. माझे वडील तिथल्या दगडखाणीवर डंपर चालवायचे. सुरुंग उडवल्यावर फुटलेल्या दगडांच्या पोकळ्यांत कधी कधी गडद निळे गोळे दिसत, पांढऱ्या स्फटिकांवर बसलेले. वडिलांनी एक तुकडा फडक्यात गुंडाळून आणला होता, तो अजून आमच्या घरात आहे. ते कॅव्हन्साइट नावाचं खनिज! आधी सापडलं अमेरिकेतल्या ऑरेगॉनमध्ये, पण त्याचे जगातले सर्वोत्तम नमुने वाघोलीचेच मानले जातात.

सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा थंड होऊन हा काळा कातळ बनताना वायूचे बुडबुडे आत अडकले. पुढे त्या पोकळ्यांत पाणी झिरपलं आणि त्यात विरघळलेल्या द्रव्यांचे स्फटिक झाले, स्टिल्बाइट, ॲपोफिलाइट, स्कोलेसाइट असे कितीतरी. त्याच कातळाची खडी करून आपण रस्त्यांवर ओततो, याचं मला फार वाईट वाटतं. लेखकांनी लंडनआधी नाशिकजवळच्या सिन्नरचं ‘गारगोटी’ हे खनिजांचं संग्रहालय पाहावं. पुण्याहून सकाळी निघालात तर संध्याकाळी परत. मुलांना जरूर न्या, माझी मुलगी तिथल्या एकाच कपाटासमोर अर्धा तास उभी होती.