कॅश आहे, पण सांगायचं नाही

इतर प्रोग्रामरांनी वापरायची कोड लायब्ररी लिहिलीत? अभिनंदन! आता डॉक्युमेंटेशनमध्ये कॅशिंगबद्दल, म्हणजे एकदा काढलेले निकाल साठवून परत वापरण्याबद्दल, एकच ओळ टाका: ‘आवश्यकतेनुसार निकाल कॅश होऊ शकतात.’ ‘आवश्यकतेनुसार’ म्हणजे थेट सरकारी परिपत्रकातला शब्द. कोणाची आवश्यकता, किती वेळ, असं विचारणारा नवशिका समजावा.

कॅश डिफॉल्टनेच चालू ठेवा, रिकामी कशी करायची ते चेंजलॉगात, म्हणजे बदलांच्या यादीत, पुरा.

साइज सांगू नका. पायथन भाषावाले बघा, त्यांच्या एलआरयू कॅशला (बराच वेळ न वापरलेलं आधी काढणारी) डिफॉल्ट मॅक्ससाइज 128 निकाल, ‘नन’ म्हणजे मर्यादाच नाही असं दिलं तर कॅश वाढतच जाणार, सगळं सरळ लिहून मोकळे. मग वाचणाऱ्याने रात्र जागून शोधायचं काय?

आता खरी टिप. टीटीएल, म्हणजे निकाल कॅशमध्ये किती वेळ टिकावा तो आकडा, शून्य दिला तर काय होतं ते चुकूनही लिहू नका. मेमकॅश्ड या कॅश सर्व्हरमध्ये शून्य म्हणजे कधीच एक्स्पायर नाही, जँगो या वेब फ्रेमवर्कमध्ये टाइमआउट शून्य म्हणजे कॅश करूच नको, अगदी उलटं, पण दोघांनीही ते लिहून तरी ठेवलंय. तुम्ही नका ठेवू. मग माझ्यासारखा कोणी म्हापशात बसून कळंगुटच्या गेस्ट हाऊसची साइट करतो, सीझनमध्ये रेट रोज बदलतात म्हणून ‘कॅश नको’ अशा समजुतीने शून्य टाकतो, लॅपटॉपवर सगळं मस्त चालतं कारण दर दहा मिनिटांनी सर्व्हर रिस्टार्ट होतो आणि मेमरीतली कॅश धुऊन जाते. खऱ्या सर्व्हरवर मात्र चार प्रोसेस, म्हणजे त्याच प्रोग्रामच्या चार चालू प्रती, प्रत्येकीची कॅश वेगळी, त्यातल्या दोन मध्येच कधीतरी मरून परत उठलेल्या, म्हणजे एकदा रिफ्रेश केलं की डिसेंबरचा रेट, परत केलं की पावसातला! 23 डिसेंबरला रात्री मालकाचा फोन, “अरे बाबा, गिऱ्हाईक दारात उभं आहे, मोबाइलवर 1,800 दाखवतंय, 5,000 ची रूम देऊ काय 1,800 ला?” द्यावी लागली.

पहाटे तीनला लायब्ररीच्या सोर्स कोडमध्ये सापडलं. शून्य असेल तर एक्स्पायरी तपासूच नको. वर लायब्ररी लिहिणाऱ्याची कमेंट: ‘हे डॉक्समध्ये टाकायचंय.’

अरे मग टाक ना! कमेंट लिहायला वेळ होता तर तीच ओळ डॉक्समध्ये टाकायला हात मोडले होते? इश्यू, म्हणजे तक्रार, टाकला तर ‘अपेक्षित वर्तन’ म्हणून बंद केलास, अपेक्षित कोणाला होतं रे, तुला एकट्याला? चालू की बंद, किती वेळ, शून्य म्हणजे काय, रिकामी कशी करायची, चार ओळी होतात. लोगो तेवढा दोनदा बदलून झाला.

मालकाला 3,200 मी भरून दिले, खिशातले.