दोष वापरणाऱ्याचाच, असे म्हणणाऱ्यांसाठी

सॉफ्टवेअर क्षेत्रात नव्याने आलेल्यांना उपदेश करणारा, व्हॉट्सअ‍ॅपवर भरपूर फिरलेला एक मजकूर परवा भाच्याने मला कौतुकाने पाठवला. त्याची ही पहिलीच नोकरी आहे आणि असले उपदेश तो मनावर घेतो, म्हणून हे लिहिणे भाग पडले. मजकुरातले दावे तीन: वापरणाऱ्याला जमले नाही तर दोष त्याचा, खरा प्रोग्रॅमर एकट्याने काम करतो, चर्चेत वेळ दवडत नाही, आणि वेळेवर घरी जाणाऱ्याला या व्यवसायात भवितव्य नाही.

पहिला दावा सर्वांत घातक आहे. थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्रातून १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडातील सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर मात्रा मिळाली आणि त्यांतले काही दगावले. नॅन्सी लेव्हसन व क्लार्क टर्नर या संगणकतज्ज्ञांनी १९९३ साली या अपघातांची जी चिकित्सा प्रसिद्ध केली, ती या दाव्याच्या समर्थकांनी मुळातून वाचावी. मार्च १९८६ मध्ये टेक्सासमधील टायलर येथे ऑपरेटर बाईंनी 'ई' (इलेक्ट्रॉन किरण) ऐवजी 'एक्स' (एक्स-रे) दाबले, चूक लक्षात येताच कर्सर वर नेऊन ती दुरुस्त केली आणि उपचार सुरू केला. रुग्णाला किरणांचा तडाखा बसला, पण बाईंना दिसले ते इतकेच: यंत्र थांबले व पडद्यावर 'मालफंक्शन ५४' (बिघाड ५४) उमटले. त्याचा उलगडा होईल असे माहितीपुस्तिकेतही काही नव्हते, आणि असल्या सूचना एरवीही वारंवार येत, म्हणून त्यांनी नेहमीप्रमाणे 'पी' दाबून काम पुढे चालू केले. रुग्णाला दुसरा तडाखा बसला. पाच महिन्यांनी तो गेला. यात बाईंचा दोष कोणता? आठ सेकंदांच्या आत केलेली दुरुस्ती प्रोग्रॅमच्या एका भागापर्यंत पोहोचतच नव्हती, आणि आधीच्या यंत्रांमध्ये असलेली, अशी चूक अडवणारी स्वतंत्र विद्युत-यांत्रिक सुरक्षा व्यवस्था या यंत्रातून काढून टाकली होती. माणसे सूचना वाचत नाहीत ही तक्रार काही अंशी खरी आहे, हे मान्य. पण वाचूनही अर्थ लागणार नाही अशी सूचना लिहिणाऱ्याने ही तक्रार करू नये.

एकट्याच्या पराक्रमाबद्दल इतकेच सांगतो की, त्या यंत्राचा प्रोग्रॅमही एकाच व्यक्तीने लिहिलेला होता आणि त्याची लेखी नोंद फारशी नव्हती. निर्मात्या कंपनीला न सापडलेला दोष शेवटी टायलरच्याच रुग्णालयातील भौतिकशास्त्रज्ञाने, त्याच बाईंना सोबत घेऊन, कीबोर्डवर तीच क्रिया पुन्हा पुन्हा करून शोधला.

राहिला घड्याळाचा मुद्दा. सेवा मध्यरात्री बंद पडली तर कोणाला तरी उठावेच लागते, हे खरे. पण रोजचे जागरण ही नियोजनाची चूक असते. २००१ साली युटामध्ये सतरा अनुभवी व्यावसायिकांनी मांडलेल्या, सॉफ्टवेअर कसे बनवावे हे सांगणाऱ्या अ‍ॅजाइल जाहीरनाम्याच्या तत्त्वांतही, कायम टिकवता येईल अशाच गतीने काम करावे, असे स्पष्ट म्हटले आहे.