शेंगदाण्याच्या पुड्यात आधार कार्ड

अंबाजोगाईत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. गेल्या आठवड्यात एक मेसेज आधी गावच्या ग्रुपवर आला, मग भावकीच्या, आणि शेवटी गिऱ्हाइकांनी तो थेट दुकानाच्या नंबरवर पाठवला. खाली ‘दहा ग्रुपवर टाका’ असं होतंच. मेसेजचा मजकूर थोडक्यात असा:

‘ज्याच्या मनात काळंबेरं नाही त्यानं आधार दाखवायला का घाबरावं? नंबर कळला म्हणून खात्यातून पैसे जात नाहीत. ट्रायच्या (फोन-मोबाईल कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) अध्यक्षांनी आपला नंबर जगजाहीर केला, कुणी काय वाकडं केलं? फेसबुक-गुगलला सगळं देता, मग सरकारलाच का नाही? गोपनीयता हे पुण्या-मुंबईच्या पोटभरल्यांचं खूळ आहे. आधारमुळं चोऱ्या थांबल्या, आणि ज्यांच्या थांबल्या तेच ओरडतात.’

दिवसाला शे-दीडशे आधार कार्डं माझ्या काचेवर उताणी पडतात. त्यामुळं यावर बोलायचा मला थोडा हक्क आहे असं समजतो.

यातली एक गोष्ट खरी आहे, ती आधी मान्य करतो. नुसत्या बारा आकड्यांवर कुणी खातं रिकामं करू शकत नाही. ‘आज रात्री आधार लॉक केलं नाही तर पैसे गेले’ असाही एक मेसेज मधे फिरत होता. तो वाचून घाबरलेल्या दोन म्हाताऱ्या पासबुक घेऊन दुकानात आल्या होत्या. तो मेसेजही बंडलच.

पण नुसता नंबर कुणाच्या हातात पडतो हो? झेरॉक्सवर नाव, जन्मतारीख, पत्ता, फोटो असं सगळंच असतं. आता गावातल्या मिनी बँकेत अंगठ्यावर पैसे कसे निघतात ते आठवा. बँकेचं नाव, आधार नंबर आणि बोटाचा ठसा, एवढंच लागतं. ना एटीएम कार्ड, ना पिन, ना ओटीपी. तिनापैकी एक वस्तू झेरॉक्सवरच छापलेली आहे. बँकेचं नाव गावात कुणालाही ठाऊक असतं. राहिला ठसा. नांदेडच्या पलीकडं, तेलंगणात, २०१८ साली एका सिमकार्ड विकणाऱ्यानं जमिनीच्या रजिस्ट्रीच्या कागदांवरचे ठसे इंटरनेटवरून उतरवले, त्यांचे रबरी अंगठे केले आणि त्यावर सिमकार्डं चालू केली. पुढं अशाच नकली ठशांनी खात्यांतून पैसे काढल्याचे गुन्हे बऱ्याच राज्यांत नोंदले गेले.

आणि रबराचीही गरज नसते. ‘अंगठा आला नाही मावशी, पुन्हा ठेवा,’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. पहिल्या वेळी खरंच आला नव्हता की पैसे निघाले होते, हे मावशीला कळायचं कसं? पावती मागितली तर कागद संपलेला असतो. मेसेज यावा तर खात्याला जोडलेला मोबाईल पोराकडं, आणि पोरगं चाकणला.

शहरातले लोक सांगतात, बायोमेट्रिक लॉक करून टाका, म्हणजे आपला ठसा कुठंच चालणार नाही. सोय चांगली आहे, फुकट आहे. फक्त लॉक केल्यावर रेशनच्या मशीनवरही अंगठा चालत नाही. म्हणजे दर महिन्याला उघडा, रेशन घ्या, परत लावा, आणि त्यासाठी आधारला जोडलेला मोबाईल हातात हवा. ज्याला रेशन लागत नाही त्याच्यासाठी हा उपाय सोपा. म्हणून मी सरसकट सगळ्यांना तो सांगत नाही.

आता ट्रायच्या अध्यक्षांची गोष्ट. तेव्हाचे अध्यक्ष आर. एस. शर्मांनी जुलै २०१८ मध्ये आपला आधार नंबर ट्विटरवर टाकून आव्हान दिलं होतं हे खरं. मेसेज तिथंच थांबतो, पुढचं सांगत नाही. लोकांनी त्यांचा मोबाईल नंबर, पत्ता, जन्मतारीख, पॅन असं एकेक शोधून मांडलं आणि कुणीतरी त्यांच्या खात्यात एक रुपयाही जमा करून दाखवला. आधार प्राधिकरण म्हणालं की ही माहिती आमच्याकडून फुटलेली नाही, ती इतर ठिकाणी होतीच. असेल. पण दहा ठिकाणी सांडलेली माहिती एका माणसाच्या नावावर गोळा करता येते, हीच तर लोकांची भीती आहे. त्याच आठवड्यात प्राधिकरणानंच लोकांना सांगितलं की आपला नंबर असा चव्हाट्यावर टाकू नका. दुसरं असं की, शर्मांच्या खात्यात काही घोळ झाला असता तर बँकेचा मॅनेजर धावत गेला असता. आपल्याकडं मॅनेजर ‘होम ब्रँचला जा’ म्हणतो.

‘सरकारी कार्ड, त्यात गुपित कसलं’ असंही काही जण म्हणतात. आधार कायद्याच्या २९ व्या कलमात कुणाचाही आधार नंबर जाहीरपणे छापायला, लावायला मनाई आहे. तरी २०१७ साली सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेनं दाखवून दिलं की चार सरकारी वेबसाइटांवर मिळून तेरा कोटींच्या आसपास आधार नंबर उघडे पडले होते. त्यात पेन्शनचे होते, रोजगार हमीचेही होते. म्हणजे पोटभरल्यांचे नव्हते.

फेसबुकची तुलना मला कधीच पटली नाही. फेसबुकचा पासवर्ड बदलता येतो, खातं बंद करता येतं, आणि ते नाही केलं म्हणून कुणाचं रेशन बंद होत नाही. अंगठा बदलून मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो खटला निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामींनी २०१२ मध्ये आधारवरूनच सुरू केला होता. पुढं सप्टेंबर २०१८ च्या निकालात न्यायालयानं आधार कायम ठेवलं, सरकारी लाभासाठी ते मागायला हरकत नाही म्हटलं, पण बँक खात्याला आणि सिमकार्डाला सक्ती करता येणार नाही असंही सांगितलं. आता मोबाईलच्या दुकानात जाऊन मतदान कार्डावर सिम मागून बघा, कसं तोंड करतात ते.

खरा राग मला ‘पोटभरल्यांचं खूळ’ या शब्दांचा आला.

दसरा-दिवाळीला केज, धारूर, वडवणीकडची माणसं ऊसतोडीला निघतात. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो तेव्हा नवरा-बायको दोघांच्याही आधारच्या झेरॉक्स घेतो, कधी सोबत कोऱ्या बाँडवर अंगठा. त्या दिवसांत माझं मशीन गरम होऊन बंद पडतं. त्या झेरॉक्सचं पुढं काय होतं, कुणी विचारत नाही. विचारायची टाप नसते, कारण उचल हातात पडायची असते. ज्याला ‘नाही’ म्हणता येतं त्याचाच खासगीपणा आपोआप टिकतो. पुण्यातल्या साहेबाला लॉजवाल्यानं आधार मागितलं तर तो लायसन्स पुढं करतो. कोयत्याच्या जोडीकडं पुढं करायला दुसरं काय असतं? लपवायचं काही नाही हे त्यांच्याबाबत शंभर टक्के खरं आहे, आणि फसवणूक झाली तर बुडायचंही सगळंच त्यांचं.

आधारचा फायदा याच माणसांना झाला हेही सांगितलं पाहिजे. पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर असताना तिथल्या दुकानात रेशन घेता येतं, ते याच नंबरमुळं. मी आधारच्या विरोधात नाही; माझं निम्मं पोट त्यावर चालतं.

राहिला चोऱ्या थांबल्याचा दावा. दुबार रेशनकार्डं कमी झाली असतील. पण बीड जिल्ह्यात बसून हे वाक्य फॉरवर्ड करायला धाडस लागतं! एक रुपयात पीकविमा होता तेव्हा सरकारी जमिनीवर, दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर विमे उतरवले गेले, २०२४ च्या हिवाळी अधिवेशनात ते गाजलं, आणि पुढच्या वर्षी ती योजनाच गुंडाळली गेली. हे अर्ज आधार मागणाऱ्या पोर्टलवरच भरलेले होते. चोराला अडवायचं काम नंबर करत नाही. लॉगिन कुणाच्या हातात आहे आणि लोकांची कागदं कुणाच्या कपाटात आहेत, त्यावर सगळं अवलंबून.

कपाटावरून आठवलं, माझ्या दुकानातलंही सांगतो. लाडकी बहीणच्या वेळी, २०२४ च्या जुलैत, रांग रस्त्यापर्यंत होती. लोक दुकानाच्या व्हॉट्सअॅपवर आधारचे फोटो पाठवत, मी प्रिंट मारत होतो. ते फोटो सहा महिने माझ्या फोनमध्ये तसेच होते. कॉम्प्युटरच्या डाऊनलोडमध्ये ई-आधारच्या फायली, ज्यांचा पासवर्ड नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. तो तर शेजाऱ्यालाही सांगता येईल. काळ्या पडलेल्या, तिरप्या आलेल्या प्रती मी रद्दीत टाकायचो. एके दिवशी बसस्टँडवर शेंगदाणे घेतले, पुडा उलगडला तर आतून आमच्याच गल्लीतल्या एका काकांचा फोटो माझ्याकडं बघत होता, खाली पूर्ण नंबर. त्या दिवसापासून खराब प्रती फाडतो आणि संध्याकाळी दुकान बंद करताना फायली पुसतो. मे २०२२ मध्ये प्राधिकरणाच्या बंगळूरू कार्यालयानं ‘कुणालाही झेरॉक्स देऊ नका, सायबर कॅफेत डाऊनलोड केलं तर पुसा’ असं पत्रक काढलं आणि दोन दिवसांत ते मागं घेतलं गेलं. मला विचाराल तर त्यात चूक काही नव्हतं.

आता मी फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं, मास्क केलेलं आधार काढून देतो. एक गिऱ्हाईक ते घेऊन एका कार्यालयात गेलं, तासाभरात परत. ‘साहेब म्हणतात नंबर झाकलेला चालत नाही, पूर्ण पाहिजे.’ दोन रुपये घेतले आणि पूर्ण काढून दिलं. दुसरं काय करणार.

ज्यांनी हा मेसेज गावच्या ग्रुपवर टाकला ते आमचे मामा, नात्यानं जवळचे, स्वभावानं सरळ. उत्तर द्यायच्या आधी मी ग्रुपमध्ये मागं मागं गेलो. जुलै २०२४ मध्ये त्यांनी तिथं मामीच्या आधारचे दोन्ही बाजूंचे फोटो टाकलेत, खाली बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान. ‘फॉर्मला हे चालेल का बघा रे.’ मी फोन करून सांगितलं. मामा म्हणाले, ‘आत्ता काढतो.’ पाच मिनिटांनी परत फोन आला. त्यांच्या मोबाईलमधून गेले होते, माझ्या मोबाईलमध्ये अजून दिसत होते. सगळ्यांच्या फोनमधून काढायची मुदत दोन-अडीच दिवसांत संपते. ग्रुपमध्ये तेव्हा २१४ जण होते. त्यातले तीसेक नंबर मामांनाही ओळखू येत नाहीत.