काठी हवीच, पण वाटही कळायला हवी

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा ऐकली. तुमचं म्हणणं असं, की आम्हा अंधांना पांढरी काठी पुरते, अडलंच तर सांगायला माणसं असतात. इमारतीत वाट दाखवणारी मोबाईल अ‍ॅप्स म्हणजे पैशांची उधळपट्टी, आणि अ‍ॅप चुकलं तर माणूस जिन्यावरून पडायचा.

जिन्याचं आधी बोलू. छपराखाली जीपीएसवर भिस्त ठेवता येत नाही, हे खरंच. अमेरिकेत पिट्सबर्ग विमानतळावर २०१९ मध्ये नॅवकॉग नावाचं असं अ‍ॅप आलं, त्यासाठी जागोजागी ब्लूटूथचे बीकन, म्हणजे फोनला जागा कळावी म्हणून सिग्नल सोडणारी छोटी यंत्रं, बसवावे लागले. कॅलिफोर्नियात सांताक्रूझ विद्यापीठातल्या रॉबर्टो मांडुची यांच्या गटाने दुसरी वाट धरली. इमारतीचा नकाशा आणि फोनमधलेच हालचाल टिपणारे सेन्सर, बस. फोन खिशात राहतो. एका हातात काठी असताना दुसरा हात दारासाठी, कठड्यासाठी मोकळा असणं किती मोलाचं आहे, ते आम्हाला विचारा! यात काही मीटरची चूक होतेच. म्हणून अ‍ॅप ‘आता वळा’ म्हणत नाही. ‘पुढच्या वळणावर डावीकडे’ असं थोडं आधीच सांगतं. वळण नेमकं कुठे, ते माणूस काठीने शोधतो. पायरीही काठीलाच लागते. काठी सोडा असं कुणीच म्हणत नाही.

आता माणसांना विचारण्याचं. त्यात कमीपणा नाही, मीही विचारतो. पण ‘ते काय, समोरच’ म्हणून बोट दाखवणारे भेटतात, नाहीतर न विचारता दंड धरून ओढत नेणारे. आणि संध्याकाळी रिकाम्या कॉरिडॉरमध्ये विचारायचं कुणाला? जाताना कुणीतरी सोडतं. खरी पंचाईत परतताना होते. मांडुची यांच्याच गटाचं दुसरं अ‍ॅप नकाशाशिवाय चालतं: आलेली वाट लक्षात ठेवतं आणि उलटी सांगतं. मला सर्वांत जास्त हवंय ते हेच.

खर्चाबाबत तुमचं निम्मं पटतं. बीकनच्या बॅटऱ्या कुणीतरी वेळेवर बदलाव्या लागतात, आपल्या सरकारी रुग्णालयांत मी त्यांचा आग्रह धरणार नाही. तिथे आधी बोलणारी लिफ्ट आणि जमिनीवर पायाला कळणाऱ्या फरशा हव्यात. पण मजल्यांचे नकाशे तर इमारत बांधतानाच काढलेले असतात. ते खुले करायला कितीसा खर्च येणार? तुम्ही लिफ्टसाठी अर्ज करणार असाल तर माझी सही घ्या, आणि नकाशांची मागणीही त्याच अर्जात घाला.