एक वाघीण सावद्यासाठी

मागच्या दिवाळीत माझ्या चुलत भावाने कुटुंबाच्या गटावर एक छायाचित्र टाकले. खान्देशातल्या एका जुन्या साइडिंगवर बाभळीच्या झुडपांत रुतून बसलेली मालगाडीची बंद वाघीण, म्हणजे वॅगन, दार निखळलेले, पत्रा गंजून जाळीदार झालेला. खाली त्याने एवढेच लिहिले होते, की ती आता भंगारात जाणार आहे. त्यावर दोन दिवस वाद चालला. काहींना ती स्टेशनासमोर रंगवून उभी करावी असे वाटत होते, तर काहींना गंजलेल्या पत्र्यावर एक रुपयाही खर्च करणे हा शेतकऱ्यांचा अपमान वाटत होता. मी जपण्याच्या बाजूने लिहिले, तेव्हा स्वतः केळी पिकवणारा हा भाऊ मला म्हणाला, "ताई, आज माल भरायला आम्हाला वॅगन वेळेवर मिळत नाही, आणि तुम्ही तिकडून कालची वॅगन जपायला सांगता."

त्याचे म्हणणे मला लागले, कारण ते खरे आहे. मी गेली बावीस वर्षे शिकागोच्या एका उपनगरात राहते, आणि उन्हात तयार घड पडून राहिल्याचे नुकसान मला सोसावे लागत नाही. तरीही माझे मत बदललेले नाही. ते कशावर उभे आहे हे सांगायचे, तर आधी इथे अमेरिकेत जे जपले गेले आणि जे जपता आले नाही त्याविषयी लिहावे लागेल.

खाण्याच्या एकेका जिनसेसाठी खास बांधलेल्या वाघिणींचे एक वेगळेच जग या देशात होते. त्यातली मला सर्वांत विलक्षण वाटते ती लोणच्याची वाघीण. इथले लोणचे म्हणजे मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या काकड्या. शेतकरी काकड्या तोडून रुळांलगतच्या छोट्या ठाण्यांवर आणीत, तिथे त्या वजन करून खारवल्या जात, आणि मग कारखान्याकडे जायला निघत. त्यासाठी सपाट गाडीवर लाकडी फळ्यांची, लोखंडी कड्यांनी आवळलेली मोठी पिंपे, बहुधा चार, ओळीने उभी केलेली असत. हाइन्झ कंपनीचा मोठा कारखाना पिट्सबर्गला होता, आणि मिशिगन राज्यातल्या हॉलंड या गावात तिचा लोणच्याचा कारखाना 1897 पासून आहे. अशा कारखान्यांकडे या वाघिणी जात. पोलादाची टाकी खाऱ्या पाण्याने गंजली असती आणि चव बिघडली असती, म्हणून लाकूड. व्हिनेगरच्या वाघिणींनाही याच कारणाने लाकडी टाक्या होत्या. दूध नेण्यासाठी आतून काचेचा थर दिलेल्या टाक्या होत्या, आणि जिवंत कोंबड्या नेण्यासाठी जाळीच्या खुराड्यांची वाघीण होती, जिच्या मधोमध एका माणसाला राहण्यापुरती खोली असे. तो वाटेत हजारो कोंबड्यांना दाणापाणी करी. पदार्थाचा स्वभाव, त्याला जावे लागणारे अंतर आणि वाटेतले हवामान या तिघांनी मिळून अशा वाघिणीचा आकार ठरवलेला असतो. म्हणून ती इंजिनाइतकीच, किंबहुना मला विचाराल तर त्याहून अधिक, बोलकी वस्तू आहे.

आणि तरीही त्यातल्या फारच थोड्या उरल्या. यांपैकी बहुतेक वाघिणी रेल्वे कंपन्यांच्या नव्हत्याच. त्या लोणचेवाल्यांच्या, दूधवाल्यांच्या किंवा वाघिणी भाड्याने देणाऱ्या कंपन्यांच्या होत्या, त्यामुळे रेल्वेने स्वतःचा वारसा जपायचे ठरवले तेव्हा त्या कोणाच्याच यादीत नव्हत्या. रस्ते सुधारले, ट्रक आले, आणि खास वाघिणींचे काम संपले. शिवाय 1974 च्या मध्यापूर्वी बांधलेल्या वाघिणीला चाळीस वर्षांनंतर एका रेल्वे कंपनीकडून दुसरीकडे जाता येत नाही असा इथला नियम आहे. लाकडी सांगाडे अनेकदा जाळून टाकले जात, म्हणजे राखेतून लोखंड तेवढे वेगळे काढता येई. आज लोणच्याच्या खऱ्या वाघिणींपेक्षा तिच्या खेळण्यातल्या प्रतिकृतीच कितीतरी अधिक सापडतात.

ज्या थोड्या उरल्या त्या जपणेही सोपे नाही. लाकडी पिंप भरलेले असते तोवर फळ्या फुगून घट्ट बसतात. रिकामे झाले, कोरडे पडले, की फळ्या आकसतात, कडी सैल होतात आणि पिंप आपोआप सुटू लागते. मीठ लाकडाला कुजू देत नाही, पण तेच मीठ कडी, खिळे आणि खालची चाकांची चौकट खाते. सगळ्या फळ्या नव्या घातल्या तर ती जुनी वाघीण राहिली का, आणि न घातल्या तर दहा वर्षांनी दाखवायला काय उरेल, असा हा पेच आहे. माझ्या घरापासून फार लांब नसलेल्या युनियन या गावी इलिनॉय रेल्वे संग्रहालय आहे; 1953 मध्ये काही हौशी लोकांनी ते सुरू केले, 1964 मध्ये ते युनियनला आले, आणि आजही ते मुख्यतः स्वयंसेवकांच्या श्रमावर चालते. शनिवारी सकाळी तिथे निवृत्त माणसे हातमोजे घालून डब्यांवर काम करताना दिसतात. भारतात आपण समजतो तसे इथे सरकार सगळे जपत नाही. ज्याला चाड आहे तो आपला वेळ देतो, हे मला भावाला सांगायचे होते.

मला मात्र खरा धडा मिळाला तो केंटकी आणि टेनेसी या राज्यांच्या सीमेवरच्या फुल्टन या लहानशा गावात. न्यू ऑर्लिन्सच्या बंदरात उतरलेली मध्य अमेरिकेतली केळी इलिनॉय सेंट्रल रेल्वेने शिकागोकडे येत, आणि फुल्टनला गाड्या थांबवून त्यांच्यात पुन्हा बर्फ भरला जाई. वाघिणीच्या दोन्ही टोकांना बर्फाचे कप्पे असत आणि ते छतावरच्या झडपांतून भरले जात. केळीची वाहतूक ही बर्फ टाकला की झाले इतकी सोपी नसते, हे जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याच्या माझ्यासारख्या मुलीला वेगळे सांगावे लागत नाही. साधारण 13 अंश सेल्सियसच्या खाली केळीची साल काळी पडते, आणि फार उष्णता झाली तर एक पिकलेली फणी शेजारच्या सगळ्या घडांना पिकवत सुटते. म्हणून उन्हाळ्यात बर्फ आणि हिवाळ्यात शेगड्या, आणि तापमान पाहत गाडीबरोबर जाणारी माणसे अशी ती व्यवस्था होती. फुल्टनने 1960 च्या दशकात केळीचा उत्सव सुरू केला आणि एक टन वजनाचे केळीचे पुडिंग करून वाटले. मी तिथे गेले तेव्हा आमच्या तालुक्याचे कोणी दूरचे नातेवाईक भेटल्यासारखे वाटले.

माझ्या लहानपणी, 1980 च्या दशकात, सावदा, निंभोरा, रावेर या स्टेशनांवर दिल्लीकडे जाणारी केळी भरली जात. वडील, म्हणजे आमचे आप्पा, शेतकऱ्यांची केळी विकणाऱ्या फ्रूटसेल सोसायटीच्या वतीने भरणीवर लक्ष ठेवीत, आणि सुटीत मी त्यांच्याबरोबर जाई. तिथे लागणारी वाघीण केळीसाठी बांधलेली नसे. आदल्या खेपेला तीतून धान्य किंवा सिमेंट गेलेले असे. ती आधी झाडून घ्यायची, तळाला केळीची वाळलेली पाने अंथरायची, घड एकमेकांना घासणार नाहीत असे उभे रचायचे, दाराशी बांबू आडवे बांधून हवेला वाट ठेवायची, आणि कोणता घड कोणत्या दिवशी कापला आहे हे पाहून तो दाराजवळ ठेवायचा की आत हे ठरवायचे. हे सारे मुकादमाच्या आणि हमालांच्या हातात होते. अमेरिकेत कौशल्य वाघिणीत बांधलेले होते, तर आमच्याकडे साध्या वाघिणीला माणसांच्या कौशल्याने दोन दिवसांपुरती केळीची वाघीण केले जाई. म्हणून त्या बाभळीतल्या पत्र्याला नुसता रंग दिला तर जपले असे होणार नाही. ती वाघीण भरणाऱ्या माणसांकडे जे होते ते जपले नाही, तर उरतो तो खरोखर भाऊ म्हणतो तसा भंगाराचा तुकडा.

इथेच मला अमेरिकेची उणीव दिसते, आणि ती सांगणे परदेशात राहणाऱ्याचे कर्तव्य आहे. इथली संग्रहालये कंपनीचे नाव, अक्षरांचे वळण, रंगाची नेमकी छटा यांसाठी वर्षानुवर्षे शोध घेतात. जाहिरातींनी रंगवलेल्या शीतवाघिणींवर 1934 मध्ये अमेरिकेच्या आंतरराज्य वाणिज्य आयोगाने बंदी घातली, त्याआधीचा आणि नंतरचा रंग कोणता यावर हौशी लोक तासन्‌तास बोलू शकतात. पण छतावरून बर्फाच्या लाद्या ढकलणारी माणसे कोण होती, काकडी तोडायला कोणती कुटुंबे येत, कोंबड्यांबरोबर प्रवास करणारा माणूस झोपे कसा, याची नोंद बहुतेक पाट्यांवर नसते. ती माणसे जिवंत असताना त्यांना कोणी विचारले नाही.

आपल्याकडे तर वारसा म्हटले की इंजिन, फार तर राजेमहाराजांचा सलून डबा, एवढेच डोळ्यांसमोर येते. दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय 1977 मध्ये सुरू झाले, नागपूरच्या मोतीबागेत 2002 पासून नॅरोगेजचे संग्रहालय आहे, आणि दोन्ही ठिकाणी मुलांना न्यावे असेच मी म्हणेन. पण आमच्या जिल्ह्यातली पाचोरा–जामनेर गाडी, आमची पीजे, बंद झाली तेव्हाचा सगळा वाद प्रवासी गाडीविषयी होता. तिच्यातून आणि तिच्या शेजारून जो माल गेला त्याचा उल्लेखही कोणी केला नाही. दुसरीकडे जुन्या डब्यांत उपाहारगृहे काढण्याची टूम निघाली आहे. 2021 मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर असे एक सुरू झाले. त्याला माझा विरोध नाही, पण त्याला जतन म्हणू नये. सॅन फ्रान्सिस्कोत 1969 मध्ये जुन्या मालडब्यांत उपाहारगृहे चालवणारी एक कंपनी निघाली होती, तिचा पसारा खूप वाढला, आणि 1986 मध्ये तिचे दिवाळे वाजले. डब्यांची किंमत धंद्यावर ठरते, तेव्हा धंदा बुडाला की डब्याला वाली राहत नाही.

भावाच्या आक्षेपाला माझे उत्तर असे आहे, की आजची वॅगन आणि कालची वॅगन या एकमेकींच्या आड येत नाहीत. 7 ऑगस्ट 2020 रोजी देवळालीहून दानापूरला शेतमाल नेणारी पहिली किसान रेल निघाली आणि ती भुसावळवरूनच गेली; जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. आमच्या केळीला योग्य तापमानाची वाघीण हवी ही मागणी रास्त आहे, आणि साध्या पत्र्याच्या डब्यात ती केळी इतकी वर्षे कोणत्या युक्तीने दिल्लीला पोहोचवली हे दाखवणारी वस्तू त्या मागणीचाच पुरावा आहे. सावद्याच्या किंवा रावेरच्या स्टेशनालगत एक वाघीण, पाने अंथरून, बांबू बांधून, भरणीच्या स्थितीत ठेवलेली, आणि शेजारी ती भरणाऱ्यांची नावे व त्यांच्याच आवाजातली माहिती, एवढेच मला हवे आहे. तिचा खर्च सरकारने करावा असे मी म्हणत नाही. आम्ही जे बाहेर आहोत, ज्यांचे शिक्षण केळीच्या पैशावर झाले, त्यांनी तो उचलावा, आणि माझा वाटा मी गटावर जाहीर केला आहे. जागा देणे आणि परवानगी मिळवणे हे मात्र तिथल्या लोकांच्याच हातात आहे, आणि त्यांनी नाही म्हटले तर ते मी मान्य करीन.

वादानंतर तीन आठवड्यांनी भावाचा फोन आला. वाघिणीचे काय झाले ते त्याला कळले नव्हते. पण तो निंभोऱ्याला, आप्पांबरोबर काम केलेल्या एका म्हाताऱ्या मुकादमांच्या घरी जाऊन आला होता. त्यांना आता नीट ऐकू येत नाही. "घड कसे रचायचे ते विचारले, तर बाबांनी उठून ओसरीवरच्या उशा रचून दाखवल्या," भाऊ म्हणाला. त्याने ते मोबाइलवर टिपून घेतले आहे, आणि दाराजवळच्या रांगेविषयी विचारायचे राहिले म्हणून तो पुढच्या रविवारी पुन्हा जाणार आहे.