सरपंचांचं पत्र इंग्रजीत द्या म्हणे!

कॉलेज तपासायला आलेल्या समितीतले तिघेही मराठी. चहा मराठीत मागितला, भजी गरम आहेत का हेही मराठीतच विचारलं. आणि एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) सात दिवसांच्या गावातल्या शिबिराची फाईल उघडल्यावर शेरा काय? ग्रामपंचायतीचं पत्र मराठीत आहे, इंग्रजी भाषांतर जोडा, त्यावर प्राचार्यांची सही-शिक्का. का, तर नॅकला, म्हणजे कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेला, लागतं! अहो, तुम्ही विद्यापीठाच्या एएएला (शैक्षणिक-प्रशासकीय तपासणीला) आलायत, नॅकची पीअर टीम (तपासणी पथक) नाही तुम्ही. पत्र सहा ओळींचं. खाली सरपंच-ग्रामसेवकांच्या सह्या, गोल शिक्का निम्माच उमटलेला. त्यातल्या 'श्रमदाना'चं 'लेबर डोनेशन' केलं की पुरावा पक्का! मग हजेरीपत्रकावरच्या सह्यांचंही भाषांतर करायचं का? आणि फोटोंना जिओटॅग हवाच. मोबाईलचं लोकेशन बंद होतं ना, मग झाडं लावलीच नाहीत तुम्ही.

मुलं ठरल्याप्रमाणे शिकली का ते मोजणारी सीओ-पीओची एक्सेल तर विचारूच नका. टार्गेट आपलं आपणच ठरवायचं. ६० टक्क्यांवर लेव्हल १ आली? टार्गेट ५० करा, लेव्हल ३. मुलं तीच, पेपर तेच, आउटकम सुधारला.

नॅकच्या २.४.१ या मुद्द्यात शिक्षकांच्या मंजूर पदांपैकी पूर्णवेळ किती भरली ते सांगायचं. भरती अडवणार सरकार, गुण जाणार कॉलेजचे. अर्धं टाइमटेबल ओढणारे सीएचबीवाले (तासिका तत्त्वावरचे शिक्षक) त्या रकान्यात धरतच नाहीत. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) केअर लिस्टमधली, म्हणजे मान्यताप्राप्त यादीतली, जर्नलं शोधता शोधता लोकांचे डोळे गेले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीनं ती लिस्टच गुंडाळली. त्याच महिन्यात नॅकच्या तपासणी समितीतल्या लोकांना लाचेच्या आरोपाखाली सीबीआयनं उचललं. तिथं जिओटॅग लागला नसावा.

आणि वरच्यांचं काय? महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात निकालाला ३० दिवस, फार तर ४५. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाची उत्तरपत्रिकांची ऑनलाइन तपासणी फसली, निकाल महिनोन्महिने लटकले, तेव्हा कुठे कुलगुरूंना घरी जावं लागलं. एरवी निकाल लांबला तर कुणाचा सीजीपीए (नॅकचे गुण) घसरतो, सांगा बरं?

एवढं तणतणून करायचं काय, तर निमूट भाषांतर. नॅकच्या ७.२.१ मध्ये दोन बेस्ट प्रॅक्टिस (कॉलेजचे उत्तम उपक्रम) लागतात, हा थयथयाट तिसरी म्हणून टाकावा. झालंही भाषांतर. आता पीडीएफ ५.३ एमबी, पोर्टल घेतं ५. काळं-पांढरं स्कॅन केलं तर बसतं, पण मग तो अर्धा शिक्काही दिसेनासा होतो.