डब्यात बोलता, मग सही का करत नाही?

खानापूर सुटलं की रेल्वेच्या डब्यात सुरू! गाड्या वाढवा, डबे वाढवा, वेळ बदला. देसूर येईपर्यंत सगळ्यांचे आवाज चढलेले. आणि बेळगावात उतरल्यावर याच मागण्यांच्या अर्जाचा कागद सहीसाठी पुढे केला की? एकाला ऑफिस, दुसऱ्याला कॉलेज, तिसरा म्हणतो, "तुम्हीच द्या की ओ, माझ्या एका सहीनं काय होणार?" अहो, रोज दारात लोंबकळत तुम्हीच येता ना?

किती सोसायचं? बेळगावहून कित्तूरमार्गे धारवाडची ७३ किलोमीटरची लाईन २०२० साली मंजूर झाली, आपण धारवाडला जायला अजून लोंढ्याचा वळसा घालतोय. कोल्हापूर एवढं जवळ, पण रेल्वेनं जायचं तर आधी मिरज गाठा! निपाणीला तर रूळच नाहीत. हे मागायचं कुणी?

त्यात अर्ज मराठीत की कन्नडमध्ये, यावर वाद. दोन्हीत लिहा! इंग्रजीतही लिहा! गाडी रखडली की सगळ्यांचाच पगार कापला जातो, तिथं भाषा कोण विचारतं?

उद्या कागद परत आणतोय. पेनही माझंच. उतरायच्या आधी सही पाहिजे.